बेडूक ट्रेमध्ये की पडद्यावर?

शाळेत बेडूक खरोखर कापून (विच्छेदन करून) शिकवावा की संगणकाच्या पडद्यावर दाखवावा, हा वाद आहे. विच्छेदनाच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे प्रत्येक शरीर वेगळं असतं. पुस्तकातल्या आकृतीत यकृत, जठर, आतडी नीट रंगवलेली असतात. प्रत्यक्षात मादी बेडकाचं पोट उघडलं, तर कधीकधी आधी दिसतात ती काळी-पांढरी अंडी. ती बाजूला केल्याशिवाय बाकीचं काही हातीच लागत नाही. कात्री किती खोल घालायची, आतलं पातळ आवरण कुठे फाटतं, हे बोटांनाच कळतं. संगणकाचा पडदा ते शिकवू शकत नाही.

पण शाळेत येणारा बेडूक बऱ्याचदा फॉर्मालिन या शरीर टिकवणाऱ्या रसायनात ठेवलेला असतो. ऊती कडक होतात, रंग करडे पडतात, वासाने डोळे चुरचुरतात. म्हणजे ज्या 'खऱ्या' अनुभवासाठी जीव घेतला, तोही अर्धाच उरतो.

संगणकावर बेडकाचं हृदय धडधडताना दिसतं. वरच्या दोन कप्प्यांतून (अलिंदांतून) येणारं रक्त खालच्या एकाच कप्प्यात (निलयात) कसं जातं, हे थांबवून दहा वेळा पाहता येतं. चुकलं तर पुन्हा सुरुवात. 2019 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका शाळेत कृत्रिम बेडकावर विच्छेदन झालं. त्यात कापण्याचा सरावही होतो, प्राणीही मरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: शालेय वयात रचना आणि कार्य समजणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी पडदा व मॉडेल पुरेसं आहे. हाताचं कौशल्य पुढे जीवशास्त्र किंवा वैद्यक निवडणाऱ्यांनी शिकावं. आणि ज्या मुलाचा हात कात्री धरताना थरथरतो, त्याला नकार देण्याची मुभा हवी, गुण न कापता.