युनियनची पावती फाडावी का? पाचपैकी दोन तारे

यंदा ट्रेनिंग संपवून परमनंट होणाऱ्या मुली जेवणाच्या सुट्टीत एकच विचारतात, "ताई, युनियनची पावती फाडायची का? दर महिन्याला पगारातून कापून घेतात, मग देतात काय?" मोबाईल घेताना आपण दहा जणांचे रिव्ह्यू वाचतो. आपल्या पुढच्या तीन-साडेतीन वर्षांच्या पगाराचा करार जी संघटना करते तिच्याबद्दल मात्र कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. कंपनीचं आणि युनियनचं नाव घालत नाही. चाकण पट्ट्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस (वायरींचे बांधलेले जुडगे) बनवणारा कारखाना, लाईनवर बहुतेक बायका, एवढं पुरे.

उत्तर आधीच देते: पावती फाडा, म्हणजे सभासद व्हा. पण ती फाडून गप्प बसायचं असेल तर पुढचं वाचून घ्या.

मिळालं ते मोकळेपणाने सांगायला हवं. युनियन नव्हती तेव्हा लघवीला जायचं तर लाईन लीडरकडे हात वर करून उभं राहावं लागायचं, आणि तो "बोर्ड पूर्ण कर, मग जा" म्हणायचा. बोर्ड म्हणजे ज्या फळीवर वायरी मांडून, टेप गुंडाळून हार्नेस तयार होतो ती. पाळी चालू असलेल्या बाईला त्या दहा मिनिटांत काय वाटतं ते मी इथे लिहीत नाही. युनियनच्या कमिटीने भांडून प्रत्येक लाईनला एक रिलीव्हर, म्हणजे तेवढ्या वेळापुरती आपल्या जागी उभी राहणारी बाई, मिळवली. एका बाईला सुपरवायझरशी वाद झाला म्हणून सस्पेंड केलं होतं, तिलाही चौकशी लावून परत कामावर घ्यायला लावलं. एकट्या बाईने ही लढाई जिंकली नसती. दोन तारे त्याचे आहेत.

आता करार. मागणीपत्र गेलं की वर्ष-दीड वर्ष बोलणी चालतात. एक दिवस गेटवर ढोल येतो, गुलाल उडतो, कमिटी आणि मॅनेजमेंट एकमेकांना पेढे भरवतात, आणि फ्लेक्सवर अध्यक्षांच्या शेजारी एचआर मॅनेजरचा फोटो झळकतो. पेपरात "भरघोस वेतनवाढ" अशी बातमी येते. आम्हाला आकडा कळतो तो सही झाल्यावर. आकडा वाईट नसतो. पण तो सीटीसीचा असतो, म्हणजे पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, बसचा खर्च असं सगळं धरून. पहिल्या वर्षी त्यातला निम्मा, उरलेला पुढच्या दोन वर्षांत.

कराराच्या शेवटच्या पानांवर काय असतं ते कुणी वाचून दाखवत नाही. मी मागून घेतलं आणि घरी बसून वाचलं. उत्पादन वाढवून देण्याचं कबूल केलेलं होतं. कामाच्या पद्धतीत, मनुष्यबळात आणि यंत्रांत बदल करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील, असं होतं. कराराच्या काळात युनियन आर्थिक बोजा पडेल अशी कोणतीही नवी मागणी करणार नाही, असंही होतं. त्याआधी एका बोर्डाला आम्हाला ९२ सेकंद मिळायचे, नंतर ७८ झाले. ऐकायला चौदा सेकंद वाटतात. त्या चौदा सेकंदांत वायर सरळ करून घेता यायची, क्लिप नीट बसली का ते बोटाने चाचपता यायचं. आता टेप गुंडाळतानाच पुढच्या कनेक्टरकडे हात जातो. शिफ्ट संपेपर्यंत उजवा अंगठा मिटत नाही, घरी पोळ्या लाटताना तो कळतो. वाढलेल्या पगाराचा मोठा हिस्सा आम्ही आमच्या मनगटांतून भरतोय, आणि त्या व्यवहारावर सही आमच्याच युनियनची आहे.

ह्यापेक्षाही मोठी तक्रार माझ्या शेजारच्या बोर्डाबद्दल आहे. तिथली ताई बीडकडची, ठेकेदाराची. बोर्ड तोच, सेकंद तेच, कोट वेगळ्या रंगाचा, पगार माझ्या निम्म्याच्याही खाली. सहा-सात महिने झाले की तिला ब्रेक देतात आणि मग नव्या कागदावर पुन्हा घेतात, म्हणजे सलग नोकरी दिसायला नको. वायरला टोक दाबून बसवायच्या (क्रिंपिंगच्या) मशीनवर तिच्या बोटाला लागलं तेव्हा मी कमिटीकडे गेले. उत्तर मिळालं, "ताई, ती आपल्या सभासद यादीत नाही." करार झाला त्या दिवशी पेढा तिच्याही हातावर ठेवला होता.

मालकाची खरी ताकद मला तिथे दिसली. आम्ही परमनंट उद्या संपावर बसलो तरी लाईन थांबत नाही, कारण निम्म्याहून जास्त बोर्डांवर ठेकेदाराच्या मुली आहेत आणि त्यांना बसायची सोय नाही. त्या बसल्या तर संध्याकाळी गेट पास जमा. दोघींमधली ही भिंत कंपनीने बांधली हे खरं, पण करारात "फक्त कायम कामगारांसाठी" असं लिहून युनियन दर तीन वर्षांनी ती नव्याने लिंपते. अशी युनियन कामाचा भाव वाढवून मागते. काम किती वेगाने व्हावं, माणसं कोणत्या कागदावर घ्यावीत, हे मालकाने एकट्याने का ठरवायचं, हा प्रश्न ती टेबलावर आणतच नाही.

कमिटीतले लोक विकले गेलेत, असं मी म्हणत नाही. त्यांतले दोघे फार चांगले आहेत. पण साच्यातच खोट आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात युनियनला मान्यता देण्याच्या आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याच्या १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियन ठरते. सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवले की मान्यता मिळते, आणि मग मालक तिच्याशीच बोलतो. वर्गणी पगारातून कापून कंपनीच देते. सभासदांच्या दारात जावं लागत नाही म्हटल्यावर कमिटीचं ऑफिस हळूहळू एचआरच्या बाजूला सरकणारच. आणि ठेक्यावरच्या बाईने ह्याच कायद्याखाली तक्रार केली की कंपनी म्हणते, ही आमची कामगारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला ह्या औषध कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की असा वाद असेल तर आधी ते नातं दुसरीकडे सिद्ध करून या. तोपर्यंत तिचे किती ब्रेक होतात ते मोजा.

माझे सासरे मुंबईत परळला कापड गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला तरच काम मिळायचं, त्यामुळे हे घरात पूर्वी ऐकलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. मागण्यांत पगार होता, बदलीवाल्यांना कायम करा हे होतं, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा काढा हेही होतं. त्या कायद्याने बोलायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता. कामगार एकीकडे आणि त्यांची कायदेशीर प्रतिनिधी युनियन दुसरीकडे, अशा अवस्थेत तो संप चालला. मालकांना आणि सरकारला "आम्ही मान्यताप्राप्त युनियनशीच बोलणार" एवढं म्हणणं पुरलं. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते परळला जाऊन बघा.

दुसऱ्या तऱ्हेची युनियन होऊच शकत नाही, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. मी त्यांना आताच्या छत्तीसगडमधल्या दल्ली राजहराचं सांगते. तिथल्या लोहखाणींत १९७७ मध्ये मोठ्या युनियननी बोनसचा करार केला, कायम कामगारांना जास्त आणि ठेक्यावरच्यांना कमी. ठेक्यावरचे हजारो खाणकामगार, त्यांत बायका खूप, त्या युनियन सोडून बाहेर पडले आणि कामगार नेते शंकर गुहा नियोगींना सोबत घेऊन स्वतःची संघटना उभी केली. त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच कामगारांनी पुढे स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल बांधलं, १९८३ पासून ते चालू आहे. नियोगींचा १९९१ मध्ये खून झाला. हरियाणात मानेसरला मारुतीच्या कामगारांनी ऑक्टोबर २०११ मध्ये कारखान्यात ठिय्या दिला, त्यातही ठेक्यावरच्यांना परत घ्या ही मोठी मागणी होती. परमनंट मुलं ठेक्यावरच्यांसाठी बसली होती.

तर पावती फाडणाऱ्यांनी काय मागायचं? मान्यताप्राप्त युनियनवर कायद्याने काही बंधनं घातली आहेत: कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत व्हायलाच हवी, ठराव मिनिट बुकात लिहायला हवेत, आणि सरकारने नेमलेला ऑडिटर हिशेब तपासू शकतो. मिनिट बुक बघायला मागा. मी मागितलं तेव्हा कपाटाची किल्ली सापडत नव्हती, दुसऱ्यांदा पाच जणी गेलो तेव्हा सापडली. कराराचा मसुदा सहीच्या आधी सर्वसाधारण सभेत वाचा, असं लेखी द्या. वर्गणी हातात पावती घेऊन द्या, पगारातून कापायला संमती देऊ नका. म्हणजे कमिटीला दर महिन्याला लाईनवर यावं लागेल आणि तुम्हाला चार प्रश्न विचारता येतील.

आणि पाचही तारे कधी देईन तेही सांगते. पुढच्या मागणीपत्रात आम्ही काही जणींनी दोन कलमं लिहून दिली आहेत: बोर्डाचे सेकंद कामगारांच्या संमतीशिवाय कमी करायचे नाहीत, आणि ठेकेदाराच्या मुलींना समान पगार, ब्रेक बंद, युनियनचं सभासदत्व. कमिटीने अजून ती स्वीकारलेली नाहीत. परमनंट बायकांच्या सह्या गोळा करणं चालू आहे. सेकंड शिफ्टच्या सह्या झाल्या, फर्स्टच्या अर्ध्या राहिल्यात. नव्याने परमनंट होणाऱ्या मुलींनी टेपिंग लाईनला येऊन कागद मागून घ्यावा.