नोजव्हील स्टिअरिंगचा एडी: दर वेळी तपासायचं, की एकदाच बदलून मोकळं व्हायचं?

एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे आपला नेहमीचा एडी, विमानातल्या सुरक्षेच्या दोषावर नियामकाने काढलेला बंधनकारक आदेश, हातात पडला की कॅमोतला (विमानाच्या देखभालीचं नियोजन आणि नोंदी बघणाऱ्या विभागातला) माणूस आधी दोनच गोष्टी शोधतो. आपल्या विमानाचा सिरीयल नंबर त्यात आहे का, आणि असेल तर टर्मिनेटिंग अ‍ॅक्शन, म्हणजे एडी कायमचा संपवणारं काम, दिलंय का. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर समोर दोन वाटा उभ्या राहतात. अमुक सायकलनंतर (एक उड्डाण आणि एक लँडिंग मिळून एक सायकल) तपासणी, पुन्हा तेवढ्याच सायकलनंतर तपासणी, असं करत राहायचं. नाहीतर तो भाग बदलून किंवा सुधारून घ्यायचा आणि यादीतली ती ओळ कायमची बंद करायची.

नोजव्हील स्टिअरिंगच्या, म्हणजे जमिनीवर विमान वळवणाऱ्या पुढच्या चाकाच्या यंत्रणेच्या, बाबतीत ही निवड वाटते तितकी सरळ नसते. तीन-चार विमानं सांभाळणाऱ्या आणि हँगरच्या प्रत्येक तासाचा हिशोब मालकाला द्यावा लागणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. शंभर विमानांच्या एअरलाइनकडे यासाठी अख्खा विभाग असतो, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

लक्षण एक, कारणं दोन

२१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लूचं २९२ क्रमांकाचं उड्डाण, एअरबस ए३२०, बरबँकहून न्यूयॉर्कला निघालं. चाकं आत घेताना कॉकपिटमध्ये दोन इशारे आले, एक शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दोषाचा आणि दुसरा स्टिअरिंगच्या दोषाचा. पुढची चाकं ९० अंशांत आडवी झाली होती. ए३२० ला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नाही, म्हणून ते जाळत विमान सुमारे तीन तास घिरट्या घालत राहिलं. वजन मागे सरकावं म्हणून प्रवाशांना मागच्या सीटवर बसवलं. १४० प्रवासी होते, आणि आपल्याच विमानाची बातमी ते सीटसमोरच्या टीव्हीवर पाहत होते. लॉस एंजेलिसला उतरताना टायर फाटले, रिम धावपट्टीवर घासून ठिणग्या उडाल्या, पण कुणाला इजा झाली नाही.

त्याआधी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, अमेरिका वेस्टचं ए३२० ओहायोतल्या कोलंबसला असंच आडव्या चाकांनी उतरलं होतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर एकाच प्रसंगाचे वाटावेत. तपासात निघालेली कारणं मात्र वेगळी होती. १९९९ मध्ये स्टिअरिंगच्या हायड्रॉलिक मॉड्यूलमधल्या ओ-रिंगने, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल सीलने, दगा दिला. २००५ मध्ये नोज गिअरच्या आतले, चाकांना फिरण्यापासून रोखणारे लग मोडले होते, चारपैकी दोन. ते फटीगने, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून धातू थकल्याने, मोडले होते, आणि फटीग कशामुळे, तर लँडिंगआधी स्टिअरिंग ठीक आहे ना हे बघण्यासाठी संगणक दर वेळी जी छोटीशी चाचणी घेत असे, तिच्यामुळे. लग मोडल्यावर चाकं सरळ करणं त्याच संगणकाच्या लॉजिकने अडवलं, आणि अशा वेळी तो रीसेट करून बघायची पद्धतही वैमानिकांना दिलेली नव्हती. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीच्या निष्कर्षात या सगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षेसाठी घातलेल्या चाचणीनेच धातू थकवला, हे वाचून मी पहिल्यांदा अहवाल मिटवून चहा प्यायला उठलो होतो.

एडी लक्षणावर नसतो, कारणावर असतो. 'चाक आडवं होऊ नये' एवढं एडीत लिहून भागत नाही, हा भाग बघा किंवा बदला असं लिहावं लागतं. म्हणून 'नोजव्हीलचा एडी आम्ही मागेच केलाय' हे वाक्य कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठल्या कारणाचा? ओ-रिंगचा एडी पूर्ण केलेल्या विमानाचे लग मोडू शकतात.

एसबी आलाय, एडी नाही: थांबायचं का?

हा प्रश्न लवकर निकालात निघतो. सर्व्हिस बुलेटिन (एसबी) विमान किंवा भाग बनवणाऱ्या कंपनीचं असतं, एडी नियामकाचा. बुलेटिनवर कंपनीने 'मँडेटरी' छापलं म्हणून ते आपोआप कायदा होत नाही. पण एखाद्या एडीने तेच बुलेटिन ओढून घेतलं की ते त्या एडीचा भाग होतं. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाच्या नियमांचा भाग ३९ हे स्पष्ट सांगतो, आणि दोघांत विसंगती असेल तर एडी पाळायचा, हेही.

स्टिअरिंगवरचं अलर्ट बुलेटिन असेल आणि त्यात विमान भरकटण्याची किंवा चाक अडकण्याची भाषा असेल, तर एडी मागून येणारच असं धरून चाला. युरोपची नियामक ईएएसए आधी प्रस्तावित एडी काढते, एफएए प्रस्तावित नियम काढते, मग हरकती आणि मग अंतिम एडी. प्रकरण तातडीचं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून इमर्जन्सी एडी येतो. मधल्या काळात पार्ट मिळतात, स्लॉट मिळतात. एडी निघाल्यावर जगभरचे ऑपरेटर एकाच दिवशी एकाच गोदामाकडे धावतात. म्हणून ऑर्डर आधी द्या. काम नंतर केलं तरी चालेल.

एक काळजी मात्र घ्या. बुलेटिनची पहिली आवृत्ती तुम्ही केली आणि एडीने सुधारित आवृत्ती मागितली, तर 'आधी केलेलं चालेल' असं वाक्य एडीत आहे का ते वाचा. नसेल तर काम पुन्हा करावं लागेल.

तपासत राहणं विरुद्ध बदलून टाकणं

आता मुख्य मुद्दा. लोक आधी खर्च बघतात. मी आधी विचारतो, हा दोष मोडण्याआधी दिसतो का?

तडा दिसतो. रॉडची झीज मोजता येते. पिन सैल झाली तर हाताला कळते. अशा दोषांसाठी वारंवार तपासणीला अर्थ आहे, कारण दोन तपासण्यांमधलं अंतर तडा वाढायच्या वेगापेक्षा कमी ठेवलेलं असतं. एडीतले सायकलचे आकडे तिथूनच येतात.

सील आणि सॉफ्टवेअरचं तसं नाही. ओ-रिंग आज ठणठणीत दिसते आणि परवा दाबाखाली जागेवरून सरकते. लॉजिकमधली चूक तर टॉर्च मारून दिसतच नाही. अशा ठिकाणी एडीने तपासणीची मुभा दिली असेल, तर ती बहुधा पार्ट पुरेसे नाहीत म्हणून दिलेली सवलत असते. तिच्यावर वर्षानुवर्षं राहायचं नाही.

दिसणारा दोष आहे हे ठरलं की मग पैशांकडे वळू. समजा, निव्वळ हिशोबासाठी, एडी म्हणतो दर ५०० सायकलला किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तपासणी करा. तपासणीला ३ माणूस-तास, बदलायला १४. रोज सहा फेऱ्या मारणाऱ्या ए३२० चे वर्षाला सुमारे २,१९० सायकल होतात, म्हणजे वर्षात चारेक तपासण्या आणि १३ तास. साधारण वर्षभरात नुसत्या मजुरीचा हिशोब बरोबरीला येतो, पार्टची किंमत वेगळी धरा. पण आठवड्यातून चारदा उडणाऱ्या चार्टर विमानाला ५०० सायकल गाठायला दोन वर्षांहून जास्त लागतील. त्याला १२ महिन्यांची अट आधी गाठते, म्हणजे वर्षाला एकच तपासणी. तिथे १४ तास वसूल व्हायला जवळजवळ पाच वर्षं जातात. एडी एकच, उत्तरं दोन.

तिसरी बाजू मालकाच्या एक्सेलमध्ये सहसा नसते. प्रत्येक तपासणी म्हणजे कुणीतरी काहीतरी उघडणार आणि पुन्हा लावणार. फार पूर्वी एका ऑपरेटरकडे माझ्या पाहण्यातली गोष्ट आहे. नोज गिअरवरची तपासणी रात्री झाली, सही झाली, एडीची ओळ हिरवी झाली. पहाटे पुशबॅकनंतर, म्हणजे स्टँडवरून मागे ढकलल्यावर, टिलर (कॉकपिटमधली वळवायची मूठ) फिरवला तर विमान ढिम्म. निघालं काय, तर कनेक्टर बसलेला होता पण त्याची लॉकिंग रिंग शेवटचा क्लिक होईपर्यंत फिरवलेली नव्हती. टो-बार (ओढायचा दांडा) पुन्हा जोडून विमान स्टँडवर आणलं आणि त्या दिवसाची चार उड्डाणं कोलमडली. ज्या दोषासाठी तपासणी होती तो दोष त्या विमानात नव्हताच.

त्यामुळे माझा कल असा: दोष दिसणारा असेल, विमान कमी उडत असेल आणि गिअरचं ओव्हरहॉल जवळ असेल तर तपासत राहा. ए३२० च्या लँडिंग गिअरचं ओव्हरहॉल साधारण १० वर्षांनी येतं, तेव्हा गिअर खाली उतरणारच असतो. दीड वर्षावर ओव्हरहॉल असताना आज त्याच गिअरवर वेगळा स्लॉट घेणं म्हणजे पुढच्या महिन्यात घर रंगवायचं असताना आज एक भिंत रंगवणं. बाकी सगळ्या स्थितींत बदलून टाका. लीजवरचं विमान असेल तर जास्तच, कारण परत देताना समोरचा माणूस उघड्या राहिलेल्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या एडींची यादीच आधी मागतो. करारातलं रिटर्न कंडिशनचं पान आजच वाचून ठेवा.

एमईएलचा आडोसा

'स्टिअरिंग बंद ठेवून एमईएलवर सोडू, एडी पुढच्या महिन्यात बघू.' हे मी ऐकलंय. एमईएल, म्हणजे काय बिघडलेलं असताना किती दिवस उडता येतं याची मंजूर यादी, ही विमानात अचानक निघालेल्या स्नॅगसाठी (बिघाडासाठी) असते. बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १०, अशी तिची मुदत असते. एडीची मुदत वेगळी असते आणि एमईएलने ती पुढे ढकलता येत नाही. एफएएच्या नियमात तर असंही आहे की एडी न पाळता केलेलं प्रत्येक उड्डाण हे वेगळं उल्लंघन. मुदत संपलीच आणि विमान दुसऱ्या गावात अडकलं, तर हँगरपर्यंत नेण्यासाठी खास परवानगी मागता येते. एडीत त्याबद्दल काही अटी घातल्या आहेत का ते बघायचं आणि मगच अर्ज करायचा.

कुणाचा एडी आपल्याला लागू?

भारतात नोंदलेल्या विमानाला डिझाइन ज्या देशाचं, तिथल्या नियामकाचा एडी बघायचा. ए३२० आणि एटीआरसाठी ईएएसए, ७३७ आणि किंग एअरसाठी एफएए, क्यू४०० साठी ट्रान्सपोर्ट कॅनडा. आपली नियामक डीजीसीए त्यावर स्वतःचंही काही लादू शकते, म्हणून दोन्हीकडे नजर हवी.

एकाच दोषावर ईएएसए आणि एफएए या दोघांचे एडी शेजारी ठेवून वाचणं हा माझा आवडता उद्योग आहे. एअरबसच्या दोषावर एफएएचा एडी बहुतेक वेळा ईएएसएच्या मागून येतो, पण त्यात खर्चाचा अंदाज असतो, किती तास, ताशी किती डॉलर, किती विमानं. ईएएसएच्या कागदात ते नसतं. नियम ईएएसएचा पाळा, बजेट मांडायला एफएएचा उघडा. दर अमेरिकेतला असला तरी तास उपयोगी पडतात.

अमेरिकेतून सेकंडहँड विमान येत असेल तर एडी पाळायच्या तिथे मंजूर झालेल्या पर्यायी पद्धती, एएमओसी, नीट तपासा. 'एडी एएमओसीने पूर्ण' असं रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं. ती मंजुरी तिथल्या कार्यालयाने दिलेली असते. आपल्याकडे नोंदणी झाल्यावर ती आपोआप चालेल असं धरू नका, विमान निघायच्या आधीच डीजीसीएकडे विचारणा करा.

लहान विमानवाल्यांसाठी

बारामती किंवा गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमधल्या माणसाला वरचे आकडे लांबचे वाटतील. सेसना १७२ च्या नोजव्हीलला संगणक नाही, पेडलपासून चाकापर्यंत साध्या जोडण्या आहेत. किंग एअरचंही स्टिअरिंग पेडलला यांत्रिक जोडलेलं असतं, आणि नोज गिअरवर टोइंगच्या वळणाची मर्यादा दाखवणाऱ्या खुणा असतात. ट्रॅक्टरवाल्याने त्या ओलांडल्या की स्टॉप तुटतो किंवा लिंक वाकते, आणि हे करणारा माणूस सहसा कुणाला सांगत नाही. अशा विमानांसाठी वारंवार तपासणीकडे माझा कल जास्त आहे, कारण दोष डोळ्यांना दिसतो, भाग हाताला लागतात आणि संध्याकाळी विमान हँगरमध्येच असतं. मात्र एडीत झुकण्याची किंवा झिजेची मर्यादा मिलिमीटरमध्ये दिली असेल तर मोजलेला आकडा लिहा. 'तपासले, ठीक' असं लिहू नका. पुढच्या वेळी झीज किती वाढली हे कळायला मागचा आकडाच लागतो.

बदलायचं ठरलंच, तर क्रम उलटा करू नका. आधी किट मागवा, त्यातल्या सीलच्या शेल्फ लाइफची तारीख बघा, खोक्यातला पार्ट नंबर एडीतल्या पार्ट नंबरशी अक्षर-अक्षर जुळवा. बऱ्याचदा शेवटचा डॅश नंबर (पार्ट नंबरमधल्या डॅशनंतरचा आकडा) वेगळा निघतो आणि तेवढ्याने ते खोकं परत जातं. किट हातात आल्याशिवाय नागपूरला असो की मुंबईला, हँगरचा स्लॉट पक्का करू नका.