लुक फॉरवर्ड टू 'सी' की 'सीइंग'? एनग्राम व्ह्यूअर वापरून बघितला, त्याचा रिव्ह्यू

मेलच्या शेवटी 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं मी कित्येक वर्षं लिहीत आले, कोणी काही म्हटलं नाही म्हणून ते बरोबरच असणार असं धरून चालले होते. मग एका अर्जाचा मसुदा मैत्रिणीला वाचायला दिला तर तिने 'मीट' खोडून त्याच्या जागी 'मीटिंग' लिहून पाठवलं. का ते विचारलं तर म्हणाली, "अगं, कानाला तसंच बरोबर वाटतं." ग्रामर तपासणारं जे ॲप मी वापरत होते त्याने एका मेलमध्ये हेच वाक्य तसंच जाऊ दिलं होतं आणि दुसऱ्या मेलमध्ये त्याखाली लाल रेघ मारली, कारण मात्र दोन्ही वेळा नाही. मला कारण हवं होतं, कारण एकदा कळलं की परत परत विचारावं लागत नाही.

म्हणून गुगल बुक्सचा एनग्राम व्ह्यूअर उघडला. २०१० च्या डिसेंबरात आलेली गोष्ट आहे, नवीन अजिबात नाही, पण भाषेच्या शंकेसाठी ती वापरणारे लोक मला फार कमी दिसतात म्हणून हे सगळं लिहितेय. स्कॅन केलेल्या लाखो पुस्तकांमधून एखादा शब्द किंवा शब्दांची जोडी कुठल्या वर्षी किती वेळा आली त्याचा आलेख तो काढून देतो. फुकट आहे, खातं लागत नाही, दोन शब्दप्रयोगांची तुलना करायची तर मध्ये स्वल्पविराम टाकायचा, बास.

मी टाकलं 'लुक फॉरवर्ड टू सीइंग' आणि स्वल्पविराम देऊन 'लुक फॉरवर्ड टू सी'. दोन्ही चार-चार शब्दांचे, त्यामुळे तुलना सरळ होते. 'सीइंग'ची रेघ वर चढत गेलेली आणि 'सी'ची तळाशी जवळजवळ आडवी. इतका स्पष्ट फरक बघितल्यावर शंकेला जागाच उरत नाही. पण हेही फक्त 'काय' झालं, 'का' नाही.

'का' मिळालं ते पुढच्या शोधात, आणि हे फीचर मला सगळ्यात जास्त आवडलं. शब्दाच्या जागी तारा म्हणजे स्टार (*) टाकला की त्या जागी सगळ्यात जास्त येणारे दहा शब्द तो स्वतःच दाखवतो. 'लुक फॉरवर्ड टू' आणि पुढे तारा, असं टाकून बघा. 'द' आणि 'अ' असे शब्द वर येतात, म्हणजे पुढे नाम येणार आहे. लुक फॉरवर्ड टू द डे, टू अ टाइम, असं. तिथे डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हा 'टू' म्हणजे 'वॉन्ट टू गो' मधला 'टू' नाहीच, दिसायला तोच पण काम वेगळं. हा शब्दयोगी अव्ययासारखा 'टू' आहे, त्याला पुढे नाम लागतं, आणि क्रियापदच द्यायचं असेल तर त्याला 'आयएनजी' लावून नामासारखं करून द्यावं लागतं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे पुढे 'इट' (it, म्हणजे 'ते'; खाण्याचं 'ईट' नव्हे) ठेवून बघायचं. 'लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, 'वॉन्ट टू इट' चालत नाही. झालं.

आणि मग लक्षात आलं की आपली मराठी हे आधीपासूनच सांगत होती. आपण 'तुम्हाला भेटण्याची वाट बघतोय' म्हणतो, 'भेटायला वाट बघतोय' कोणी म्हणत नाही. 'भेटण्याची' हे तिथे नामच आहे. 'यूज्ड टू'चंही तसंच, 'लवकर उठण्याची सवय आहे' म्हणजे 'ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली', आणि 'लवकर उठायचे' म्हणजे 'यूज्ड टू गेट अप अर्ली'. मराठीत दोन वेगळी रूपं आहेत म्हणून आपला गोंधळ होत नाही, इंग्रजीत दोन्हीकडे 'टू' दिसतो आणि तिथे आपण घसरतो. फक्त यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण 'भेटण्याची आशा आहे' याचं इंग्रजी 'होप टू मीट' होतं, तिथे 'आयएनजी' नाही. मराठी दिशा दाखवते, पण शेवटी 'इट' ठेवून बघायचंच, 'होप टू इट' होत नाही म्हणजे तिथे साधं क्रियापद.

आता वापरताना काय सांभाळायचं ते सांगते, कारण पहिल्या दिवशी मी दोन-तीन ठिकाणी अडकले. एका शब्दप्रयोगात जास्तीत जास्त पाच शब्द चालतात. 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' हे सहा शब्द झाले, म्हणजे जो प्रयोग लोक रोज मेलमध्ये लिहितात तोच अख्खा शोधता येत नाही, मग सुरुवातीचा 'लुक' काढून 'फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' असं पाच शब्दांत टाकायचं. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं तो वेगळी धरतो, ते नको असेल तर त्यासाठीचा पर्याय निवडून ठेवा. आणि जो प्रयोग अख्ख्या संग्रहात चाळीसपेक्षा कमी पुस्तकांत आलाय तो दाखवतच नाही, त्यामुळे आलेख आला नाही म्हणजे तसं कोणी कधी लिहिलंच नाही असं समजायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकडा अर्थ सांगत नाही. 'लुक फॉरवर्ड टू वर्क' शोधलंत तर त्यात 'वर्क' नाम म्हणूनही आलेलं असतं आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. 'ट्रॅव्हल', 'चेंज' यांचंही तसंच. 'लुक फॉरवर्ड टू सी' ची जी थोडीशी रेघ दिसते तीही सगळी चुकांची नाही, कारण 'काय होतंय ते बघायला पुढे नजर टाकणे' या अर्थानेही ते शब्द ओळीने येऊ शकतात. म्हणून मी 'सीइंग', 'हिअरिंग' अशी क्रियापदं घेऊन बघते. 'मीटिंग' घेतलं तर ते नाम की क्रियापद हा आणखी एक घोळ.

दुसरी मर्यादा म्हणजे ही पुस्तकांची भाषा आहे, मेलची नाही. रोजच्या लिहिण्यात लोक कर्ता गाळून थेट 'लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू' लिहितात, आणि 'आय लुक फॉरवर्ड टू' जरा औपचारिक, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू' जरा आपुलकीचं वाटतं, हा बारकावा आलेखातून कळत नाही. त्यासाठी मी आता कोका वापरते, म्हणजे कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश, खऱ्या लिहिण्या-बोलण्यातून गोळा केलेला अमेरिकन इंग्रजीचा शोधता येणारा संग्रह. मार्क डेव्हिस यांनी तयार केलेला, २००८ पासून ऑनलाइन, १९९० ते २०१९ मधले १ अब्जाहून जास्त शब्द, आणि त्यात बोललेली भाषा, कादंबऱ्या, वर्तमानपत्रं, ब्लॉग, सिनेमा-मालिकांची सबटायटल्स असे वेगवेगळे कप्पे. खातं काढावं लागतं आणि फुकटात रोज ठराविकच शोध मिळतात, पण तिथे अख्खी वाक्यं एकाखाली एक दिसतात, मधोमध आपला शब्द. 'लुक' पूर्ण कॅपिटलमध्ये टाइप केलं की 'लुक्स', 'लुक्ड', 'लुकिंग' सगळंच शोधून देतो. दहा-पंधरा वाक्यं शांतपणे वाचली की तो साचा आपोआप कानात बसतो, माझ्या मैत्रिणीच्या कानात तो असाच बसला असणार.

माझी पद्धत आता ठरलीये. लिहिताना शंका आली की आधी एनग्राम, दोन मिनिटांत कळतं कुठलं जास्त चालतं. टोन बघायचा असेल तर कोका. 'ऑब्जेक्ट टू', 'विथ अ व्ह्यू टू', 'गेट यूज्ड टू' हे सगळे मी असेच तपासून घेतले, सगळीकडे 'इट' बसतं आणि सगळीकडे 'आयएनजी' येतं.

पाचपैकी चार स्टार. इंग्रजीत रोज मेल लिहावे लागतात पण शाळेतलं व्याकरण विसरायला झालंय अशा कोणालाही मी हे मनापासून सुचवेन. मात्र 'यूज्ड टू' तपासताना आधी 'ॲम' लावून 'ॲम यूज्ड टू' असंच टाका, नाहीतर 'यूज्ड टू गेट' ची भरपूर बरोबर वाक्यं मोजली जातात आणि चुकीचंच बरोबर आहे असं वाटून बसाल, माझे त्यात दोन दिवस गेले.