‘एन्डेव्हरआरएक्स’: एडीएचडी असलेल्या मुलांसाठीचा खेळ, आणि त्याची चाचणी

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांच्या पालकांपुढे रोज नवे ॲप येते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीशी जाहिरातीपलीकडे काही नसते. ‘एन्डेव्हरआरएक्स’ हा खेळ वेगळ्या वाटेने आला. बोस्टनच्या अकिली इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो आधी नियंत्रित चाचणीत मुलांवर तपासला, निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीने देण्याचा उपचार म्हणून त्याला मान्यता दिली. व्हिडिओ गेमच्या रूपातल्या उपचाराला तिथे अशी मान्यता मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यामुळे या उत्पादनाचे परीक्षण करताना खेळाइतकीच त्याची चाचणीही पाहावी लागते, आणि माझ्या मते ती अधिक बारकाईने पाहावी.

खेळ तसा साधा आहे. टॅबलेट डावी-उजवीकडे कलवत एका पात्राचे वाहन अडथळ्यांतून न्यायचे, आणि त्याच वेळी ठरवून दिलेले लक्ष्य दिसले की पडद्यावर बोट टेकवायचे. दुसरे काही आले, तर हात आवरायचा. मुलाला जमू लागले की अवघडपणा वाढतो, चुका वाढल्या की उतरतो. यामागची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ॲडम गझाली यांच्या प्रयोगशाळेतली असून, तिथल्या ‘न्यूरोरेसर’ या खेळावरचे ज्येष्ठ नागरिकांमधले संशोधन २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आले होते.

आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला अतिचंचलता नाही, फक्त लक्ष टिकत नाही. अशा मुली वर्गात कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. ती खेळताना मी शेजारी बसते. वळण आले की तिचे खांदेही टॅबलेटबरोबर कलतात, आणि चुकीचे लक्ष्य समोर आले की उचललेला अंगठा काचेच्या जेमतेम वर येऊन थांबतो. उठलेला हात वेळेवर आवरणे, हाच या खेळातला सराव आहे, आणि तो इतका स्पष्ट दिसतो याचे मला मनापासून कौतुक वाटते. पण पालक म्हणून आम्हाला हवे असते ते दुसरेच: वही दप्तरात परत जावी, गृहपाठ तिसऱ्या ओळीवर अडू नये, सकाळी बूट घालायला चारदा सांगावे लागू नये. अंगठ्याचे ते थांबणे इथपर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे.

२०२० मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत अमेरिकेतल्या २० केंद्रांवरची ३४८ मुले होती. निम्म्या मुलांना हा खेळ आणि उरलेल्यांना शब्दांचा एक खेळ दिला गेला. दिवसाला सुमारे २५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या अवधानाच्या परीक्षेत ‘एन्डेव्हरआरएक्स’च्या गटाची सुधारणा स्पष्टपणे अधिक होती. मात्र पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांत दोन्ही गटांतली मुले सुधारलेली दिसली आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. गंभीर दुष्परिणाम कुणालाही झाला नाही. काही मुलांना वैताग आला, काहींचे डोके दुखले.

पालकांच्या प्रश्नावल्यांतला हा दुसरा निष्कर्ष माझ्या दृष्टीने या चाचणीची सर्वांत मोलाची देणगी आहे. रोज ठरल्या वेळी मूल एका कामाला बसते, घरातले मोठे माणूस त्याची दखल घेते आणि काहीतरी उपाय चालू आहे या आशेने त्याच्याकडे पाहते. एवढ्यानेही प्रश्नावलीतले आकडे सुधारू शकतात, आणि शब्दांचा खेळ मिळालेला गट नसता, तर ही सगळी सुधारणा आपण नव्या खेळाच्या खात्यावर जमा केली असती. ज्या कुटुंबांच्या वाट्याला तो साधा खेळ आला, त्यांचे आपल्यावरचे ऋण दुसऱ्या गटाइतकेच आहे.

चाचणीचा खर्च कंपनीने केला होता आणि त्या काळात मुले एडीएचडीची औषधे घेत नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. औषधे घेणाऱ्या मुलांचा पुढे अभ्यास झाला, पण त्यात तुलनेसाठी गट नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता १७ वर्षांपर्यंत वाढली; त्यामागच्या किशोरवयीन मुलांच्या अभ्यासातही असा गट नव्हता. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेला, ५७९ मुलांना १४ महिने निरनिराळे उपचार देऊन केलेला ‘एमटीए’ अभ्यास सरकारी पैशातून उभा राहिला होता, आणि औषधे व वर्तनोपचार यांबद्दल डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. या खेळासाठीही तितक्या लांब पल्ल्याचे, शाळेतली कामगिरी मोजणारे आणि सार्वजनिक पैशातून होणारे संशोधन व्हायला हवे.

पुण्याहून नातेवाईक फोनवर विचारतात, ‘आमच्या मुलासाठी घेऊ का?’ त्यांना मी सांगते, की मान्यतेच्या मजकुरातच हा खेळ औषध, समुपदेशन आणि शाळेतली मदत अशा व्यापक उपचाराचा भाग म्हणून वापरावा असे म्हटले आहे. मुलाचे निदान बालमानसोपचारतज्ज्ञांनी केलेले असेल, बाकीचे उपचार चालू असतील आणि रोज शेजारी बसायला घरात कुणी असेल, तर त्या तज्ज्ञांशी बोलून जरूर विचार करावा. औषध टाळण्यासाठी म्हणून मात्र घेऊ नये. तसा पुरावा या चाचणीने दिलेला नाही.