व्हिन्सांतो : सँटोरिनीच्या राखेत पिकणारी गोड वाइन

एजियन समुद्रातल्या सँटोरिनी या ग्रीक बेटावर जाणारा पर्यटक बहुधा कड्यावरची पांढरी घरे आणि ईआ गावचा सूर्यास्त पाहून परततो, आणि बेटाची वाइन त्याच्या वाट्याला त्या सूर्यास्ताची सोबत म्हणूनच येते. असिर्टिको या द्राक्षाची तिथली ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, पांढरी वाइन आता जगभर नावाजली गेली आहे आणि तिच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. हे परीक्षण मात्र व्हिन्सांतोचे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या द्राक्षांपासून होणाऱ्या गोड वाइनचे आहे. माझ्या मते या बेटाची माती, तिथला व्यापार आणि शेतकऱ्याचे कष्ट सर्वांत पूर्णपणे उतरले आहेत ते हिच्यातच.

आधी वेल पाहावा. इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास झालेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकानंतर बेटावर राख आणि प्यूमिस या हलक्या, सच्छिद्र दगडांचा जाड थर बसला. या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बहुतेक द्राक्षबागा उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड इथे टिकली नाही, आणि इथला वेल आजही कलमाच्या खुंटावर नव्हे, स्वतःच्याच मुळांवर वाढतो. त्याला मंडप नसतो. छाटणी करताना काड्या एकमेकींत गुंफून जमिनीलगत गोल कडे तयार करतात, त्याला तिथे कुलूरा म्हणतात, आणि घड त्या कड्याच्या आत धरतात. उन्हाळ्यातल्या सोसाट्याच्या वाऱ्यापासून, उडत्या रेतीपासून आणि प्रखर उन्हापासून त्यांचा बचाव होतो. बागेत गुडघे टेकून पाने बाजूला केल्याशिवाय फळ दिसतसुद्धा नाही : बाहेर करडे, हाताला हलके लागणारे दगड, आणि आत सावलीत एकमेकांना चिकटून बसलेले पिवळसर मणी. कडे कित्येक दशकांनी थकले की ते बुडाशी कापतात आणि त्याच जुन्या मुळांतून नवी फूट घेतात, म्हणून वरचा वेल तरुण दिसला तरी खालची मुळे शंभर वर्षांपलीकडची असू शकतात. पाऊस अत्यल्प, रात्री समुद्रावरून येणारे धुके सच्छिद्र प्यूमिसमध्ये मुरते, आणि पारंपरिक बागेची तहान बरीचशी त्यावरच भागते. उत्पन्न अर्थातच फार कमी येते.

ऑगस्टमध्ये तोडणी झाली की व्हिन्सांतोसाठीचे घड मोकळ्या जागेत उन्हात पसरतात आणि साधारण एक ते दोन आठवडे तसेच वाळू देतात. तासगावचा बेदाणा ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या लक्षात फरक लगेच येईल : आपल्याकडे घड द्रावणात बुडवून शेडच्या सावलीत, जाळीवर सुकवतात, तर सँटोरिनीत द्रावणही नाही आणि छप्परही नाही. शिवाय मणी पूर्ण बेदाणा होण्याच्या आतच ते उचलावे लागतात, कारण त्यातून रस काढायचा असतो. पाणी उडून गेल्याने रस थोडाच निघतो आणि तो इतका गोड असतो की आंबण्याची क्रिया अतिशय सावकाश चालते व पुष्कळशी साखर शिल्लक असतानाच थांबते. त्यानंतर किमान दोन वर्षे वाइन ओकच्या पिंपांत मुरते. नियमानुसार निम्म्याहून अधिक द्राक्ष असिर्टिको असावे लागते. उरलेला भाग मुख्यतः आयदानी आणि अथिरी या जातींचा असतो. असिर्टिकोचा मोठा गुण हा की कडक उन्हात पूर्ण पिकूनही त्यातली आंबट धार जात नाही, आणि वाळवताना साखरेबरोबर तीही दाट होते.

१२०४ च्या चौथ्या धर्मयुद्धानंतर हे बेट व्हेनिसच्या सरदारांकडे गेले आणि इथली गोड वाइन दूरवरच्या बंदरांत विकली जाऊ लागली, कारण तेवढी साखर असलेली वाइन लांबच्या समुद्रप्रवासातही खराब होत नसे. पुढे ऑटोमन काळात तिचा सर्वांत मोठा ग्राहक ठरला रशिया. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धार्मिक विधीसाठी ती वापरली जाई आणि बेटावरची जहाजे ती काळ्या समुद्रापर्यंत पोहोचवत. १९१७ च्या क्रांतीने ही बाजारपेठ बुडाली. जुलै १९५६ च्या भूकंपानंतर अनेक कुटुंबांनी बेट सोडले, आणि पुढे पर्यटन वाढले तशा बागांच्या जागी हॉटेले उभी राहिली. सँटोरिनीच्या वाइनला १९७१ मध्ये संरक्षित नामांकन, म्हणजे ते नाव फक्त तिथल्याच वाइनला लावण्याचा हक्क, मिळाले नसते, तर कदाचित यातले फारसे काही शिल्लक राहिले नसते. ज्यांना हा इतिहास डोळ्यांनी पाहायचा आहे त्यांनी व्होथोनासचे कुट्सोयानोपुलोस कुटुंबाचे भुयारी वाइन संग्रहालय चुकवू नये; जमिनीखालच्या लांबलचक गुहेतून चालताना छाटणीपासून पिंपांपर्यंतची सगळी मेहनत क्रमाने समोर येते.

आता चवीविषयी. सँटो वाइन्स या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची तुलनेने तरुण व्हिन्सांतो पेल्यात तांबूस सोनेरी दिसते. वास सुक्या जर्दाळूचा आणि संत्र्याच्या सालीचा येतो, गोडी लगेच जाणवते आणि त्यामागोमाग आंबटपणा येऊन जीभ स्वच्छ करतो. १९०३ पासून वाइन करणाऱ्या आर्गिरोस घराण्याची वीस वर्षे पिंपात मुरलेली व्हिन्सांतो पूर्णपणे वेगळ्या पातळीवरची आहे : रंग काकवीसारखा, पेला कलता केला की काचेवरून सावकाश उतरणारी, वासात सुके अंजीर, कॉफी आणि जुन्या लाकडाचा अंश, आणि घोट गिळल्यानंतर बराच वेळ रेंगाळणारी चव. एवढी साखर असूनही ती कुठेही मिट्ट होत नाही. याचे श्रेय पिंपाला जितके आहे तितकेच त्या जमिनीलगतच्या वेलाला आहे, असे मला वाटते.

खेद वाटतो तो ही वाइन दिली कशी जाते याचा. कड्यावरच्या एका प्रसिद्ध टेस्टिंगच्या ठिकाणी, ज्याचे नाव इथे देत नाही, चार ड्राय वाइनबरोबर व्हिन्सांतोचा छोटा पेलाही एकाच फळीवर आणून ठेवला गेला, आणि तोही बर्फासारखा थंड, त्यामुळे वास जवळजवळ मुकाच राहिला. वेळ ठरलेली होती, पुढचे गिऱ्हाईक उभे होते, आणि ती कशी केली जाते हे सांगायला कोणी थांबले नाही. इतक्या कष्टाच्या वाइनला ही वागणूक अन्यायाची आहे. शक्य असेल तर पिर्गोस किंवा एपिस्कोपी गोनिया परिसरातल्या एखाद्या वाइनरीत सकाळी जावे, आधी बाग पाहावी आणि फक्त व्हिन्सांतोच दोन-तीन वेगवेगळ्या वयांच्या मागवाव्यात.

विकत घेताना लेबलवर सँटोरिनीचे संरक्षित नामांकन आणि पिंपातली वर्षे पाहावीत. इटलीतल्या टस्कनीची विन सांतो ही छपराखाली सुकवलेल्या वेगळ्या द्राक्षांची, वेगळी वाइन आहे. बाटली बहुधा अर्ध्या लिटरची असते आणि ड्राय वाइनहून पुष्कळ महाग पडते. मला ती किंमत रास्त वाटते. पहिल्यांदा घेणाऱ्याने चार ते आठ वर्षांची निवडावी. वीस वर्षांची बाटली ज्याला गोड वाइन मनापासून आवडते त्यानेच घ्यावी. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी, सोबत निळे चीज किंवा भाजलेले बदाम द्यावेत, आणि उघडल्यावर बूच नीट लावून फ्रीजमध्ये ठेवल्यास ती काही आठवडे सहज टिकते.