पद्मिनीचे छत काढल्यानंतरचे आठ महिने

आमच्या घरची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून बिनछताची, दोन आसनांची रोडस्टर म्हणून वरुड तालुक्यातील आमच्या संत्राबागेत फिरते आहे. थंडीतल्या धुक्याच्या सकाळी, फेब्रुवारीतली गारपीट, मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि आता सुरू असलेला पाऊस, असे सगळे ऋतू तिच्यावरून गेले असल्यामुळे या कामात काय टिकले आणि काय टिकले नाही, हे आता खात्रीने लिहिता येते.

छत काढण्याचा विचार हौसेतून आला नाही. छताच्या कडेने जी पन्हळ असते तिच्याखालचा पत्रा दोन्ही बाजूंनी सडला होता आणि पावसाचे पाणी आत गादीवर गळत होते. भंगारातून दुसरे छत आणून जोडणे शक्य होते. पण बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना बागेत पायी फिरता येत नाही, आणि बंद गाडीत बसल्यावर झाडाचे खोड तेवढे दिसते, शेंडा दिसत नाही. पानांवर काळ्या माशीची कोळशी (काळी बुरशी) किती चढली, कोणत्या झाडाला शेंडेमर लागली, हे मान वर केल्याशिवाय कळत नाही. चाळीस वर्षे ज्यांनी ही बाग जोपासली त्यांना ती पुन्हा शेंड्यापर्यंत दिसावी, एवढाच माझा हेतू होता.

कायद्याची बाब सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेकजण ती काम झाल्यावर विचारतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी नोंदणी पुस्तकातील नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मी आधी गाडीची नोंदणी रद्द करून घेतली आणि मगच तिला कटर लावू दिला. ती आमच्या धुऱ्यांच्या आतच फिरते. शेजारची पांदणही तिला वर्ज्य आहे, कारण ज्या वाटेने जाण्याचा लोकांना हक्क आहे ती वाट कायद्याच्या भाषेत सार्वजनिक जागाच असते. मिस्त्रींकडे नेताना आणि आणताना ती ट्रकवर चढवून नेली.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे लग्नाच्या वरातीसाठी जीप उघडी करतात आणि तिला काही होत नाही, म्हणून कोणत्याही गाडीचे छत कापले तरी चालते असा समज पसरला आहे. जीपला खाली स्वतंत्र चेसिस, म्हणजे भार वाहणारी लोखंडी चौकट, असते. वरचा सांगाडा नुसता बसवलेला असतो. पद्मिनी ही १९५३ च्या इटालियन फियाट ११००/१०३ च्या घराण्यातली गाडी असून तिला वेगळी चेसिस नाही. मजला, दाराखालच्या सिल, काचेचे खांब आणि छत मिळून एकच पेटी होते, आणि तीच पेटी सगळा भार वाहते. संत्र्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे झाकण लावून तो पिळून पाहा, मग झाकण काढून पिळून पाहा. गाडीचेही नेमके तसेच होते. एका मोठ्या शहरातील गॅरेजने मला दोन दिवसांत छत उतरवून देण्याची तयारी दाखवली होती, पण खाली काय घालणार या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी तेथून परत आलो.

परतवाड्याच्या एका जुन्या बॉडी मिस्त्रींनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, "भाऊ, छत गेलं का गाडीची कंबर गेली समजा. पहिले कंबर बांधू, मंग छताले हात लावू."

"किती दिवस लागतील, काकाजी?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी अडीच महिने सांगितले आणि पोळ्यानंतर घेतलेले काम तेवढ्याच मुदतीत पूर्ण केले.

काकाजींनी गाडी चाकांवर न ठेवता सिलखाली सलग आधार देऊन समपातळीत उभी केली, दोन्ही बाजूंचे कर्ण टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहिले, आणि दारांच्या चौकटींत तात्पुरत्या तिरक्या नळ्या वेल्डिंगने जोडल्या. त्यानंतर सडलेला पत्रा कापून सिलच्या आत ६० बाय ४० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप पुढून मागपर्यंत घातला, आसनांच्या पुढे आणि मागे दोन आडवे पाइप टाकून दोन्ही सिल एकमेकींना बांधल्या, आणि हे सर्व झाल्यावरच छत उतरवले. मागची दारे कायमची जोडून टाकली. मधला खांब कमरेपर्यंत ठेवला, कारण पुढच्या दाराचा खटका त्यावरच अडकतो. पुढची दारे बंद करून वरून उडी मारून बसण्याची रचना पुष्कळ जण सुचवत होते, परंतु बाबांना दार हवेच होते. आसनांच्या मागे सीमलेस पाइपची कमान उभी केली आहे. सीटबेल्टच्या पट्ट्याची वरची गाठ तिलाच आहे, आणि गाडी कलंडली तर डोक्यावर राहणारी एकमेव वस्तूही तीच आहे.

एकूण खर्च १ लाख ७२ हजार रुपये आला, त्यातले सुमारे ८० हजार मजल्याखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कामात गेले. रंग, आसने आणि ताडपत्रीचा हूड यांत कोणाला काटकसर करायची असेल तर खुशाल करावी. खालच्या कामात एक रुपयाही वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्र्यांचे वजन गेले आणि पाइपांचे आले, त्यामुळे जिनिंगच्या काट्यावर गाडी पूर्वीपेक्षा २० किलो जास्तच भरली. छत काढल्याने गाडी हलकी होते ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी.

घरी आल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी दाराच्या वरच्या फटीचे माप वहीत लिहितो. दोन्ही बाजूंना ५ मिमी फट होती. मार्चपर्यंत तिच्यात फरक पडला नाही. एप्रिलमध्ये डावीकडची फट साडेसहा मिमी भरली आणि त्याच आठवड्यात बंडीच्या चाकोऱ्यांवरून जाताना काचेची चौकट थरथरू लागली. जॅकने पुढचे एक चाक उचलून दार उघडून पाहिले, तर ते खटक्यात घासत होते. ही चाचणी कोणालाही घरी करता येते आणि गाडी पिळते आहे की नाही हे ती लगेच दाखवते. सतरंजी उचलल्यावर कमानीच्या डाव्या पायाशी बोटाएवढी चीर दिसली. जाड चौकोनी पट्टी पातळ पत्र्यावर जोडली होती आणि तिच्या टोकदार कोपऱ्यातच सगळा ताण साठून पत्रा फाटला होता. काकाजी स्वतः वेल्डिंगचे सामान घेऊन वावरात आले, चिरेच्या टोकाला छिद्र पाडून तिची वाढ थांबवली, जुनी पट्टी काढून गोल कोपऱ्यांची, मोठी आणि सिलपर्यंत जाणारी पट्टी दोन्ही पायांना बसवली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दोन्ही बाजूंची फट जागची हललेली नाही.

चालवण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा त्रास फुफाट्याचा झाला, आणि तो समोरून नव्हे तर मागून येतो. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होत असल्यामुळे चाकांनी उडवलेली धूळ वळसा घेऊन पाठीवर आणि मानेवर येते. डिसेंबरात अर्ध्या तासाच्या फेरीनंतर बाबांची टोपी पांढरी राहिली नव्हती. कमानीत बारीक जाळी ताणून बसवल्यावर हा त्रास निम्म्याहून कमी झाला, आणि ताशी पंधरा किलोमीटरच्या आत ठेवले तर तो जाणवतही नाही. बागेत झाडांमधले अंतर सहा मीटर असल्याने त्यापेक्षा वेगाने जाण्याचे कारणही पडत नाही.

मे महिन्यात ही गाडी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतरच वापरावी. रेक्झीनच्या आसनावर दुपारी बसणे अशक्य असते, म्हणून आम्ही जाड सुती खोळी शिवून घेतल्या. स्टिअरिंगवर ओला पंचा टाकून ठेवावा लागतो. संथ गतीत पेट्रोल पंपातच उकळू लागते आणि व्हेपर लॉकमुळे गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा जुना उपाय अजूनही लागू पडतो. या १०८९ सीसीच्या इंजिनाविषयी याव्यतिरिक्त माझी कोणतीही तक्रार नाही.

फेब्रुवारीच्या गारपिटीत गाडी उघडीच उभी होती. बॉनेटला दहा-बारा पोचे आले. त्या दिवशी मृग बहाराचे नुकसान पाहायला बाबा तिच्यातच बसून प्रत्येक ओळीतून गेले, झाडे पाहताना एक शब्दही बोलले नाहीत, आणि परतल्यावर दाराला धरून उतरताना म्हणाले, "पहिले गाडीतून शेंडे दिसत नोते, आता दिसतेत." रोज सकाळची त्यांची फेरी मात्र तेव्हापासून ठरलेली आहे.

सध्या काळी माती फुगली असल्यामुळे गाडी विहिरीपासून गोठ्यापर्यंतच्या मुरमाच्या वाटेवरच जाते. मजल्यात काकाजींनी पाणी निघून जाण्यासाठी दोन छिद्रे ठेवून त्यांना रबरी बुचे बसवली आहेत, ती उपयोगी पडली. सिलच्या आत मात्र दर दोन महिन्यांनी जुने इंजिन ऑइल फवारावे लागते, नाहीतर नवा पाइपही आतून गंजेल. हूड काचेच्या डाव्या कोपऱ्यात अजून गळतो. शिवणीवर मेण लावून पाहिले, फरक पडला नाही; आता चौकटीला जाड रबरी पट्टी चिकटवायची आहे, आणि ती बसेपर्यंत पावसात बाबांना डाव्या आसनावर बसवता येत नसल्याने ते ओसरीतून गाडीकडे पाहत आभाळ उघडण्याची वाट बघतात.