‘कंपनीचा ओरिजिनल’ म्हणून जुनाच ॲक्च्युएटर गळ्यात मारला: ३,७७६ रुपये गेले

गाडीच्या सेंट्रल लॉकिंगचा भाग दुकानातून आणून घरीच बसवायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मी पुण्यात मागच्या डाव्या दाराचा लॉक ॲक्च्युएटर (दाराचं लॉक लावणारा-उघडणारा मोटरचा भाग) ‘कंपनीचा, सीलबंद’ म्हणून घेतला. बिल झालं ३,७७६ रुपये. जानेवारीत तो लॉक झालेल्या अवस्थेतच अडकला. दार बाहेरून उघडेना, आतूनही उघडेना. मागे बसलेल्या बाबांना दवाखान्यासमोर सीटवरून सरकत पलीकडच्या दारानं, वाहत्या रहदारीच्या बाजूनं उतरावं लागलं. त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे. पैशांचं सोडा, हे मी विसरणार नाही.

‘बाईमाणसानं कशाला गाडी उघडायची’ असं म्हणणारे भेटले, म्हणून सांगते. दुरुस्तीत माझं काही चुकलं नव्हतं. बाकीची तीन दारं रिमोटवर व्यवस्थित लागत होती, म्हणजे फ्यूज ठीक. काच पूर्ण वर घेतली, बॅटरीचा निगेटिव्ह काढला, हँडलमागचे स्क्रू काढून दाराचं पॅड (आतलं आवरण) सोडवलं, आतला प्लास्टिकचा कागद न फाडता सोलला. मग बॅटरी पुन्हा जोडून ॲक्च्युएटरच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येते का ते दाखवणारा दिवा, लावला. बटण दाबलं की लॅम्प क्षणभर पेटत होता. (इथे मल्टिमीटरवर विसंबू नका. करंट सेकंदभरही टिकत नाही, आकडा दिसायच्या आत गेलेला असतो.) म्हणजे वायरिंग शाबूत, दोष ॲक्च्युएटरच्या आतल्या मोटरचा. निदान बरोबर होतं. गॅरेजवाल्यानं याच दुखण्याला ‘पूर्ण सिस्टिम बदलावी लागेल’ म्हणून ९,५०० सांगितले होते, म्हणूनच मी स्वतः करायला घेतलं.

नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं दाटीनं आहेत आणि त्यांतली अनेक सचोटीनं धंदा करतात. मी गेले त्या दुकानदारानं जुना भाग हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आत गेला आणि खोका घेऊन आला. खोक्यावर कंपनीचं नाव, होलोग्राम, एमआरपीचं स्टिकर, सगळं जागच्या जागी. किंमत ३,१५० सांगितली. मग म्हणाला, “ताई, जुना इथंच ठेवून जा, दोनशे कमी करतो. तुम्ही भंगारातच टाकणार ना?”

दोनशे रुपये. तिथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. जो भाग चालतच नाही, ज्यात मूठभर प्लास्टिक आणि बोटाएवढी मोटर आहे, त्याचे भंगारवाला पाच रुपयेही देणार नाही. मग हा दोनशे का देतोय? कारण त्याला माझ्या जुन्याचं बाहेरचं कवच हवं होतं. तो भाग साफ होणार, आत कुठली तरी वापरलेली मोटर बसणार, छापलेल्या खोक्यात भरला जाणार आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ‘ओरिजिनल’ म्हणून जाणार. मला मिळालेला भागही कुणाच्या तरी दारातून असाच निघालेला होता.

आणि खुणा समोर होत्या. कपलरच्या पितळी पिनांवर उभे ओरखडे होते. कोऱ्या पिनांवर ओरखडे येतीलच कुठून? आधी कधीतरी कपलर त्यात बसलेला होता, म्हणूनच आले. माझ्या जुन्या भागाचं झाकण कारखान्यात वितळवून चिकटवलेलं, सांधा एकसारखा. याच्या सांध्यावर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याचे दात होते आणि कडेनं गोंदाची चकाकी होती. दोन्ही भाग काउंटरवर शेजारी शेजारी पडले होते. पण दुकानात मागे माणसं उभी, दुकानदार ‘ताई, ताई’ करत बिल फाडतोय, खोक्यावर होलोग्राम. अशा वेळी कोण पिनांवर टॉर्च मारून बघतं? फसवणाऱ्याला हेच ठाऊक असतं. आता तुम्ही मात्र बघा. मोबाइलचा टॉर्च लावून, तिथंच, पैसे देण्याआधी.

बिलाचंही तसंच. २,९५० वर २८ टक्के जीएसटी लावला, ८२६ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्केच आहे. म्हणजे ५३१ व्हायला हवे होते, २९५ रुपये जास्तीचे घेतले. ते सरकारकडे गेले असतील असं मला वाटत नाही, कारण बिलावरचा जीएसटी क्रमांक घरी नीट मोजला तर १४ अक्षरी निघाला. खरा क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. दुकानात उभं राहून हे तपासता येतं.

अडकलेलं दार उघडायला कारागिराला १,२०० द्यावे लागले, कारण बंद दाराचं पॅड काढणं हे वेगळंच काम आहे. ३,७७६ आणि १,२०० मिळून ४,९७६. दुकानदार म्हणाला, “इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नसते,” आणि पुढच्या खेपेला ओळखही दाखवली नाही.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याविषयी. चौकीत बिल, खोका, भाग सगळं मांडलं. “मॅडम, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.” बनावट खोक्यात जुना माल भरून नवा म्हणून विकणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. मी कलम सांगितल्यावर मला बाकावर बसवलं, चहाच्या फेऱ्या झाल्या आणि शेवटी साधा अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर “साहेब आल्यावर”. ज्या मंचाचं नाव मला तोंडावर फेकलं, तो २०१९ च्या कायद्यानंतर आयोग झालाय, हेही त्यांच्या गावी नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक लगेच मिळाला. मग संदेश आला: समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद, आयोगाकडे जावे. प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद! चोरानं दार उघडलं नाही म्हणून पोलीस परत गेले, तसं हे झालं. गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेनं ‘अधिकृत वितरकाकडूनच घ्या’ एवढं ऐकवलं. तुमच्या नावाचा बनावट होलोग्राम विकला जातोय, तर पत्ता तरी विचारा! तोही विचारला नाही. वजन-मापं आणि पाकिटावरची छपाई तपासणाऱ्या वैधमापन कार्यालयात खोका दाखवला. त्यावर निर्मितीचा महिना-वर्ष नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, तक्रारीचा फोन नाही, आणि बंद पाकिटावर हे सगळं छापणं सक्तीचं आहे. तिथं ‘लेखी द्या, बघू’. लेखी दिलं. अजून बघतायत. प्रत्येकानं मला पुढच्या दारात ढकललं आणि दुकान मात्र रोज उघडं आहे.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर तक्रार घरबसल्या दाखल करता येते, वकील लागत नाही. मी दाखल केलीय. बिल, खोका, पैसे दिल्याचा यूपीआयचा तपशील आणि पिनांचे जवळून काढलेले फोटो जोडलेत. कायदा म्हणतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा. तारीख पडायची वाट बघतेय.

गाडी चालू आहे. आधी फोटो काढून घेतले आणि मग तोच भाग उघडला: आत गंजलेली मोटर, तिच्यावर ताजं ग्रीस फासलेलं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, १४० रुपयांची १२ व्होल्टची छोटी मोटर आणली, जुनीवरचा गिअर ओढून तिच्यावर बसवला. मोटर घेताना दांड्याची जाडी आणि लांबी जुनीशी ताडून बघा, नाहीतर गिअर बसत नाही. पॅड लावण्याआधी प्लास्टिकचा कागद कडेनं पक्का चिकटवा, पावसाळ्यात पाणी थेट आत उतरतं. आणि जुना भाग दुकानात ठेवून येऊ नका, कितीही कमी करतो म्हणाले तरी. टाकायचाच असेल तर आधी पकडीनं पिना मोडा, कवच हातोडीनं फोडा, मग टाका.